अमानतीचा कारभारी : सर सालारजंग

वऱ्हाडातून हैदराबादला गेलेला माणूस चारमिनार पाहतो, बिर्याणी खातो आणि दुपारी मुसा नदीच्या काठी सालारजंग म्युझियममध्ये जातो. तिथल्या जुन्या वाजत्या घड्याळासमोर बारा वाजण्याची वाट पाहत गर्दी बसलेली असते. पुढच्या एका दालनात संगमरवराची रिबेका उभी असते. चेहऱ्यावरचा झिरझिरीत पडदाही दगडाचाच आहे, यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मग परतीची बस पकडायची असते. सालारजंग कोण होते, हे विचारायला कोणाला वेळ नसतो. ज्यांना ठाऊक असते त्यांनाही बहुधा तिसरे सालारजंग तेवढे माहीत असतात. हा प्रचंड संग्रह मुख्यतः त्यांचाच. रिबेका मात्र त्यांच्या आजोबांनी १८७६ मध्ये इटलीहून आणली होती. त्या आजोबांचे नाव मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग. तीस वर्षे ते हैदराबादचे दीवाण होते आणि त्यांतली शेवटची चौदा वर्षे एका अल्पवयीन राजाचे राज्यपालक.

वाशीम जिल्ह्याचा त्यांच्याशी संबंध म्युझियमच्या तिकिटापुरता नाही. मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा असो, मेडशी असो की शिरपूर, या गावांचा सारा एकेकाळी निजामाच्या खजिन्यात जायचा. १८५३ मध्ये तो जायचा थांबला. पैनगंगेच्या पलीकडची हिंगोली निजामाकडेच राहिली, म्हणून आपल्याकडचे जुने लोक त्या मुलखाला मोगलाई म्हणत. अलीकडचा वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. ज्या महिन्यात हे घडले त्याच महिन्यात चोवीस वर्षांचे तुराब अली दीवाण झाले. पुढचे सारे आयुष्य ते वऱ्हाड परत मागत राहिले.

त्यांचा जन्म १८२९ चा. घराणे मूळ मदिनेचे. पूर्वज दक्षिणेत आले ते विजापूरच्या आदिलशाहीत. पुढे हैदराबादेत या घराण्याने दीवाण दिले. पणजोबा मीर आलम, ज्यांच्या नावाचा तलाव आजही हैदराबादेत आहे, ते दीवाण होते. आजोबा मुनीरुलमुल्क दीवाण होते, चुलते सिराजुलमुल्कही. वडील लवकर वारल्यामुळे तुराब अली घरातल्या वडीलधाऱ्यांच्या छायेत वाढले. फारसी-अरबीचे शिक्षण रिवाजाप्रमाणे झाले. इंग्रजी मात्र त्यांनी हट्टाने शिकली, आणि त्या काळच्या हैदराबादी उमरावांत ही गोष्ट दुर्मीळच होती. विशीच्या आतबाहेर काही महिने त्यांनी तेलंगणात ताल्लुकदारी केली. जमिनीचा हिशेब म्हणजे काय, रयत कुठे भरडली जाते आणि पैसा वाटेत कुठे मुरतो, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. दीवाणखान्यात बसून ते कधी कळले नसते.

कळण्यासारखे पुष्कळ होते, कारण त्या वेळचे हैदराबाद राज्य म्हणजे कर्जाचा डोंगर होता. जिल्ह्यांचा महसूल मक्त्याने दिलेला असे. मक्तेदार आधी दरबारात रक्कम मोजायचा आणि मग दुपटीने रयतेकडून वसूल करायचा. दरबाराला तेवढ्यानेही भागत नसे, मग सावकारांकडे मुलूखच्या मुलूख गहाण पडत. वऱ्हाडचा महसूल काही वर्षे पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीकडे असाच गहाण होता. अरब आणि रोहिल्या शिपायांच्या टोळ्या पगार थकला की गढी बळकावून बसत. त्यांचे जमादार स्वतःच सावकारी करत, ऋणकोला आपल्या कोठडीत डांबत, आणि राज्याचे न्यायालय तिकडे फिरकू शकत नसे. निजामाच्या खजिन्यातले जवाहीरसुद्धा गहाण पडले होते.

या सगळ्यावर इंग्रजांच्या कंटिंजंट फौजेचा खर्च होता. ही फौज निजामाची म्हणायची, अंमलदार मात्र इंग्रज. एलिचपूर, हिंगोली, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद अशा ठिकाणी तिच्या छावण्या होत्या. तिचा पगार थकला की कंपनी आपल्या तिजोरीतून द्यायची आणि ते निजामाच्या नावे कर्ज म्हणून लिहून ठेवायची. अशी चाळीस लाखांवर बाकी साचली तेव्हा लॉर्ड डलहौसीने पैशाऐवजी मुलूख मागितला. निजाम नासिरुद्दौला आढेवेढे घेत राहिले, पण फौज चालून येण्याची भीती दाखवली गेल्यावर त्यांचा नाइलाज झाला. २१ मे १८५३ रोजी करार झाला. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग, असा सुमारे ५० लाख उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला.

हा करार घडवून आणण्याचे काम चुलते सिराजुलमुल्क यांच्या वाट्याला आले होते. करारानंतर आठवडाही लोटला नाही तोच ते वारले, आणि ३१ मे रोजी दीवाणपद पुतण्याकडे आले. तुराब अलींना ते नको होते. आपली जहागीर सांभाळून स्वस्थ राहण्यात त्यांना अधिक सुख वाटत होते, असे त्यांनीच एका इंग्रज स्नेह्याला कळवले होते. पण घराण्याची जहागीर आणि अब्रू पदाशी बांधलेली होती. ते हो म्हणाले, आणि आठवड्याभरात रमजान लागला. रिकामा खजिना, दारात तगादा लावून बसलेले अरब जमादार आणि नुकताच हातातून गेलेला वऱ्हाड, या परिस्थितीत त्यांनी दीवाण म्हणून पहिले रोजे धरले.

त्यांनी काम सुरू केले ते हिशेबापासून. सावकारांची कर्जे तपासून हप्ते बांधले, गहाण पडलेले जिल्हे एकेक करून सोडवले, निजामाचे जवाहीरही सोडवले. मक्तेदार काढून पगारी ताल्लुकदार नेमायला सुरुवात केली. अरबांशी भांडण उकरून काढण्यात अर्थ नव्हता, शहरातली खरी ताकद त्यांचीच होती. म्हणून त्यांच्या जमादारांनाच हाताशी धरून, अरबांच्या देण्याघेण्याचे तंटे ऐकणारे वेगळे न्यायालय उभे केले. ऋणको कोठडीत डांबण्याचा त्यांचा हक्क अशा रीतीने एकही गोळी न झाडता हळूहळू सुटला. सालारजंगांच्या कारभाराची सारी रीत यात दिसते. विरोधकाला पाडायचे नाही, त्याला कामाला लावायचे आणि मग त्याच्या हातातले हत्यार काढून घ्यायचे. ही रीत धीमी होती, आणि त्यांच्यावर चिडणारे लोक तिला भित्रेपणा म्हणत.

चार वर्षांनी आलेल्या वादळात मात्र त्यांना धीमेपणा परवडणार नव्हता. मे १८५७ मध्ये मीरतला शिपाई उठले, दिल्ली त्यांच्या हाती गेली. तो रमजानचाच महिना होता. त्याच रमजानात, १६ मे रोजी, हैदराबादेत निजाम नासिरुद्दौला वारले आणि अफजलुद्दौला गादीवर आले. मशिदींच्या भिंतींवर इंग्रजांविरुद्ध उठण्याची भित्तिपत्रके लागू लागली. हैदराबाद उठले तर सारा दक्षिण मुलूख उठेल, ही धास्ती मुंबईपासून मद्रासपर्यंतच्या इंग्रज अधिकाऱ्यांना होती. नव्या निजामाच्या भोवतीचे अनेकजण उठावाच्या बाजूचे होते. दीवाणाने इंग्रजांची बाजू धरली.

या निर्णयाचा पहिला फटका आपल्या शेजारच्या बुलढाण्याहून आलेल्या माणसाला बसला. कंटिंजंटमधल्या जमादार चिदा खानांनी दिल्लीकडे कूच करायला नकार दिला आणि मोजके साथीदार घेऊन निजाम आपल्याला आसरा देईल या आशेने ते हैदराबादला आले. सालारजंगांनी त्यांना पकडून रेसिडेंटच्या हवाली केले. शहर खवळले. १७ जुलैच्या संध्याकाळी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी सुमारे ५०० माणसांनिशी कोठीच्या रेसिडेन्सीवर चाल केली. दीवाणाने रेसिडेंट डेव्हिडसनला आधीच सावध केले होते, तोफा लागलेल्या होत्या. रात्रभर गोळीबार चालला आणि पहाटे हल्लेखोर मागे हटले. तुर्रेबाज खान पकडले गेले, तुरुंगातून निसटले आणि १८५९ च्या जानेवारीत मारले गेले. त्यांचे प्रेत शहरात टांगण्यात आले. मौलवी अलाउद्दीन अंदमानात गेले आणि तिथेच वारले.

आज कोठीला तुर्रेबाज खानांच्या नावाचा रस्ता आहे, ते योग्यच आहे. मग सालारजंगांना काय म्हणायचे? त्यांच्यावर गद्दारीचा शिक्का मारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येते की त्यांनी हिशेब केला होता. अवध नुकतेच खालसा झाले होते, सातारा, झाशी आणि नागपूर वारस नसल्याच्या सबबीखाली आधीच गेले होते. हैदराबादने एक चुकीचे पाऊल टाकले असते तर जे वऱ्हाडचे झाले तेच बाकी राज्याचे झाले असते. राज्य वाचवायचे तर इंग्रजांचा उपकारकर्ता बनून राहायचे, मग उपकाराची फेड म्हणून वऱ्हाड मागायचा. हिशेबाचा पहिला भाग बरोबर ठरला. दुसऱ्या भागात त्यांनी इंग्रजांच्या शब्दावर भरवसा ठेवला, आणि चिदा खानांना रेसिडेन्सीच्या दारात उभे करणाऱ्या माणसाच्या माथ्यावरून तो डाग त्यामुळे पुसला गेला असे मात्र म्हणवत नाही.

१८५९ च्या मार्चमध्ये दरबार आटोपून सालारजंग आणि रेसिडेंट डेव्हिडसन बाहेर पडत असताना जहांगीर खान नावाच्या माणसाने दोघांवर हल्ला केला. दोघेही वाचले, हल्लेखोर तिथेच मारला गेला. नऊ वर्षांनी, जानेवारी १८६८ मध्ये, रमजान ईदच्या दरबारासाठी महालाकडे जाताना भर रस्त्यात सालारजंगांवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले, बरोबरचा एक माणूस जखमी झाला. मारेकऱ्याला देहदंड होऊ नये म्हणून सालारजंगांनी निजामाकडे रदबदली केली. ती मान्य झाली नाही.

इंग्रजांनी बक्षीस दिले, पण ते अर्धेमुर्धे. १८६० च्या डिसेंबरात नवा करार झाला. रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिव परत मिळाले, शोरापूरचे संस्थान मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. तेव्हा ३२ लाख उत्पन्नाचा धरलेला हा मुलूख इंग्रज सरकारकडे कंटिंजंटच्या खर्चासाठी विश्वस्त म्हणून राहील, असे करारात लिहिले गेले. उर्दूत ज्याला अमानत म्हणतात तेच. मालकी निजामाची, सांभाळ इंग्रजांचा, खर्च भागून जे उरेल ते हैदराबादला. फक्त एक कलम असे होते की हिशेब मागायचा नाही. हे कलम सालारजंगांच्या डोळ्यांसमोर करारात आले. त्या वेळी कर्जमाफी एवढी मोठी वाटली असावी की या कलमाचे पुढे काय होईल याचा अंदाज आला नाही. आयुष्यभर जमाखर्चाची बारीक छाननी करणाऱ्या दीवाणाकडून ही चूक व्हावी हे खरोखर अजब आहे.

लगेचच अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे वळल्या. रेल्वे अकोल्याला पोहोचली, १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. गावोगाव काळ्या जमिनीत कापूस वाढला, साऱ्याची आकारणी वाढली, तिजोरी भरली. पण हिशेब विचारायचा नाही, त्यामुळे वाढत्या उत्पन्नाबरोबर कचेऱ्या, पगार आणि बांधकामेही वाढत गेली, आणि हैदराबादला जाणारी शिल्लक फारशी वाढली नाही. इंग्रजांनी इथे कामे केली, जमिनीची मोजणी केली, ते नाकारायचे कारण नाही. पण दुसऱ्याची ठेव आपल्याजवळ असताना तिच्या व्याजावर आपले घर वाढवावे, असा तो व्यवहार होता. आणि जी ठेव एवढी फळते ती परत करायला कोणाचा हात सहज पुढे होत नाही.

इकडे उरलेल्या राज्यात सालारजंगांनी स्वतःच्या हातातली अमानत कशी सांभाळली, ते मराठवाड्यात आजही दिसते. १८६५ मध्ये त्यांनी जिलाबंदी केली. राज्याचे ५ विभाग आणि १४ जिल्हे पाडले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड या जिल्ह्यांची चौकट तेव्हाची. प्रत्येक जिल्ह्याला पगारी ताल्लुकदार, पोलीस, न्यायालय आले. रयतवारीने सारा ठरवायला सुरुवात झाली. महसूल, न्याय, पोलीस आणि इतर खाती अशा चार वेगळ्या मंत्र्यांकडे कारभार वाटला गेला. वेगवेगळ्या टांकसाळींतून पडणाऱ्या खोट्याखऱ्या नाण्यांऐवजी हाली सिक्का चालू झाला. हैदराबादेत दारुलउलूम ही शाळा निघाली, पुढे उमरावांच्या मुलांसाठी मदरसा-ए-आलिया. वाडीपासून सिकंदराबादपर्यंतची रेल्वे १८७४ मध्ये धावली.

जुन्या घराण्यांना त्यांनी धक्का दिला, पण तोही सावकाश. राज्याचे जमाखर्चाचे दप्तर दोन घराण्यांकडे वंशपरंपरेने होते. तेलंगणाचे मालवाला कायस्थांकडे आणि मराठवाड्याचे रायरायान या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे. कोणत्या गावचा किती सारा, हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येत नसे. सालारजंगांनी त्यांना हात लावला नाही. त्यांच्या शेजारी नवी खाती उभी केली, नवे कागद तिकडे जाऊ लागले, आणि जुनी दप्तरे मानाने ओस पडत गेली. नव्या खात्यांसाठी माणसे उत्तरेतून आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिनुलमुल्क, विकारुलमुल्क, चिराग अली, कादंबरीकार डेप्युटी नजीर अहमद, आणि बंगालहून सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय. माणूस कामाचा आहे ना, एवढेच ते पाहत. स्वतःचे घराणे शिया, राज्यकर्ते सुन्नी, रयत बहुसंख्य हिंदू. मात्र बाहेरच्यांच्या या भरतीने स्थानिक होतकरू तरुण दुखावले. मुल्की आणि गैरमुल्की हा पुढे पन्नास-साठ वर्षे पेटत राहिलेला वाद इथेच सुरू झाला. त्याचा दोष त्यांच्या पदरात घालावा लागतो.

दरबारी कामकाज फारसीतच चालावे असा त्यांचा आग्रह होता. उर्दू आली ती त्यांच्यानंतर, १८८४ मध्ये, मुलाच्या दीवाणकीत. मराठवाड्याच्या खेड्यांत कुलकर्णी मोडीत लिहीत होते ते लिहीतच राहिले.

एवढे करणाऱ्या माणसाला स्वतःच्या धन्यासमोर मान वर करता येत नव्हती. अफजलुद्दौलांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. हा दीवाण इंग्रजांचा माणूस आहे, ही शंका त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. १८६१ मध्ये आणि पुन्हा १८६७ मध्ये त्यांना काढण्याचे घाटले. परवानगीशिवाय शहराबाहेर पडण्याची दीवाणाला मुभा नव्हती. ज्या जिल्ह्यांची आखणी त्यांनी केली ते जाऊन पाहणेही त्यांना शक्य नव्हते. रोज सकाळी दीवाण देवडीत सामान्य माणसांच्या अर्जांचा दरबार भरवणारे सालारजंग निजामाच्या पुढ्यात मात्र थरथरत उभे राहत, असे पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. इंग्रज त्यांना निजामाचा माणूस समजत आणि निजाम इंग्रजांचा.

२६ फेब्रुवारी १८६९ रोजी अफजलुद्दौला वारले. मुलगा महबूब अली खान अडीच वर्षांचा. त्याला गादीवर बसवले गेले, आणि अमीरे-कबीर शम्सुलउमरा यांच्या जोडीने सालारजंग राज्यपालक झाले. खरा कारभार सालारजंगांचाच. राजा पाळण्यातला, फौज, खजिना, दप्तर सारे हाताशी. आपली गादी उभी करायला आणखी काय लागते? इतिहासात याहून कमी संधीवर राज्ये बळकावली गेली आहेत. सालारजंगांच्या मनात तसे काही आल्याचा पुरावा त्यांच्या शत्रूंनीही दिलेला नाही.

त्याच काळात हजारो कोस दूर सयामातही असाच एक राज्यपालक होता. चुआंग बुन्नाक, पदवीने सी सुरियावोंग. पंधरा वर्षांच्या चुलालोंगकोर्न राजाच्या नावाने त्याने १८६८ पासून १८७३ पर्यंत राज्य चालवले. त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष शेख अहमद इराणच्या कुम शहरातून अयुथ्थयाला व्यापाराला गेला होता. पुढे ते घराणे बौद्ध झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या सयामची मंत्रिपदे त्याच्याकडे राहिली. सालारजंग आणि बुन्नाक यांची कधी भेट झाली नाही. पण दोघांचे पूर्वज पश्चिमेकडून परक्या देशात आलेले, दोघेही इंग्रजांशी जुळवून घेत राज्य वाचवणारे, दोघेही दुसऱ्याच्या मुलाचे तख्त सांभाळणारे. मृत्यूतही त्यांच्यात वीसच दिवसांचे अंतर पडले. बुन्नाक १९ जानेवारी १८८३ ला गेला. सयाम स्वतंत्र राहिले, तेव्हा त्याचे माप अधिक भरले असे म्हणावे लागेल. मात्र त्याच्या राजधानीत रेसिडेंट बसलेला नव्हता.

राज्यपालक झाल्यावर सालारजंगांनी वऱ्हाडाचा विषय जोराने काढला. १८७२ मध्ये दोन्ही राज्यपालकांनी प्रस्ताव पाठवला. फौजेच्या खर्चापुरते व्याज निघेल एवढे भांडवल आम्ही रोख ठेवतो, मग मुलूख तारण ठेवण्याचे कारण उरत नाही, तो परत करा. सावकारी भाषेत याहून सरळ व्यवहार नाही. नकार आला. त्यांनी पुन्हा लिहिले, पुन्हा नकार आला. प्रत्येक वेळी कारण निराळे असे. १८५३ मध्ये ज्या राज्याला पगार देता येत नव्हता त्याच राज्याचा दीवाण आज रोख रक्कम मोजायला तयार होता, आणि हीच गोष्ट इंग्रजांना अडचणीची झाली होती.

१८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला. नऊ वर्षांच्या निजामाने मुंबईला जाऊन त्याचे स्वागत करावे असे रेसिडेंटने सुचवले. मुलाची प्रकृती नाजूक, प्रवास झेपणार नाही, म्हणून सालारजंगांनी नाही म्हटले. यावरून केवढा गहजब झाला! आजवर सौम्य वाटणारा दीवाण डोईजड झाला आहे, असा सूर कलकत्त्यात उमटला.

पुढच्या वर्षी ते विलायतेला निघाले. निमंत्रण ड्यूक ऑफ सदरलंडचे. वाटेत रोममध्ये त्यांनी रिबेका घेतली. पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून पायाचे हाड मोडले, आणि लंडनला ते त्याच अवस्थेत पोहोचले. ऑक्सफर्डने २१ जून १८७६ रोजी सन्माननीय पदवी दिली, जुलैत लंडन शहराने मानाचे नागरिकत्व दिले. राणीची भेट झाली, मेजवान्या झाल्या, वर्तमानपत्रांनी १८५७ च्या उपकाराची आठवण काढली. ज्या कामासाठी लंगडत तिथवर आले होते ते वऱ्हाडाचे प्रकरण काढताच मात्र उत्तर मिळाले की हा विषय हिंदुस्थान सरकारमार्फत यावा. म्हणजे ज्यांनी नकार दिला होता त्यांच्यामार्फतच. मानमरातब सगळे त्यांना मिळाले, वऱ्हाड तेवढा मिळाला नाही.

परत आल्यावर लॉर्ड लिटनने त्यांचे पंख छाटायला सुरुवात केली. त्यांचा इंग्रज खासगी चिटणीस, ज्याच्या लेखणीतून वऱ्हाडाचे अर्ज उतरत होते, त्याला हैदराबाद सोडावे लागले. १८७७ मध्ये अमीरे-कबीर वारले तेव्हा सालारजंगांचा उघड विरोधक असलेल्या विकारुलउमरा यांना सहराज्यपालक म्हणून त्यांच्या शेजारी बसवण्यात आले. सालारजंगांनी हरकत घेतली, ती चालली नाही. त्यांनी राजीनामा दिला नाही, बंड केले नाही. पुढची चार वर्षे ते त्याच माणसाबरोबर एका मसनदीवर बसून कारभार करत राहिले. वऱ्हाडाबद्दल १८७८ मध्ये विलायतेहून शेवटचे उत्तर आले. निजाम सज्ञान होईपर्यंत या प्रश्नाचा विचार होणार नाही. ठेव परत मागायला मालक स्वतः यावा, कारभाऱ्याचे आम्ही ऐकणार नाही, असा त्याचा अर्थ.

तेव्हा मालकाला शहाणे करणे, एवढेच काम उरले. महबूब अलींच्या शिक्षणासाठी फारसी-अरबीच्या उस्तादांबरोबर इंग्रज शिक्षक आले. १८८१ च्या अखेरीस विकारुलउमरा वारले आणि सालारजंग एकटेच राज्यपालक उरले. निजाम सज्ञान व्हायला आता दोन-अडीच वर्षे होती.

फेब्रुवारी १८८३ मध्ये जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गचे ड्यूक हैदराबादेत पाहुणे होते. सालारजंगांनी त्यांच्यासाठी मीर आलम तलावावर, आपल्या पणजोबांच्या तलावावर, सहल योजली. त्यानंतर त्यांना पटकी झाली, आणि ८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ते गेले. वय ५४. दायरा मीर मोमीन या जुन्या कब्रस्तानात, घराण्याच्या कबरींशेजारी त्यांना दफन केले. निजामाचे गहाण जवाहीर सोडवणाऱ्या या माणसाने स्वतःमागे कर्ज ठेवले होते.

एक वर्षाने, ५ फेब्रुवारी १८८४ रोजी, लॉर्ड रिपनने हैदराबादेत येऊन महबूब अली खानांना राज्याधिकार दिले. सालारजंगांचा मुलगा लायक अली दीवाण झाला. तीन वर्षांत त्याचे निजामाशी बिनसले, पद गेले, आणि १८८९ मध्ये ऐन तारुण्यात तो वारला. वऱ्हाडाचा अर्ज धरून बसेल असे कोणी उरले नाही.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला आला. महबूब अली तेव्हा ३५ वर्षांचे होते. मालक स्वतः समोर होता, फक्त पाठीशी तो दीवाण नव्हता. वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देण्याच्या करारावर त्यांची सही झाली. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. ज्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी तो पन्नास वर्षे अडकवून ठेवला होता, ती फौजही त्याच सुमारास हिंदुस्थानी सैन्यात विलीन होऊन संपली. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला गेला. पैनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची गावे पुन्हा एका राज्यात आली ती १ नोव्हेंबर १९५६ ला.